मडक्यातली सहा पिल्ले

क्रॉफर्ड मार्केट आणि त्याच्या आसपासच्या पाखरांच्या व्यापारात लव्हबर्डचे पिल्लू दोन तऱ्हांनी विकले जाते. एक आईबापांनी वाढवलेले, आणि दुसरे 'हँडफीड', म्हणजे पंख फुटण्याआधीच घरट्यातून काढून माणसाने सिरिंजने भरवलेले. दुसऱ्याला किंमत जास्त, आणि त्या किमतीबरोबर एक समजूतही गिऱ्हाइकाच्या घरी जाते: पिल्लांची खरी निगा म्हणजे त्यांना हातावर वाढवणे. पुढे गिरगावातल्या चाळीत किंवा परळच्या एखाद्या टॉवरमध्ये याच गिऱ्हाइकाच्या जोडीने पाच-सहा पिल्ले काढली की घरात धावपळ उडते. कोणी कोमट दुधात बिस्किट कालवतो, कोणी औषधाच्या दुकानातून सिरिंज आणतो, कोणी तासातासाला मडक्यात टॉर्च मारून बघतो. त्यातली दोन-तीन पिल्ले गेली की ठपका आईवर येतो, तिला एवढी पिल्ले झेपली नाहीत म्हणून. वास्तविक सहा पिल्ले वाढवण्याची ताकद या पाखरांच्या अंगात असते. आपण दिलेले एकसुरी दाणे, गुळगुळीत मडके आणि सततची ढवळाढवळ मात्र त्यांना झेपत नाही. म्हणून घरटे भरलेले असेल तेव्हा पाळणाऱ्याने आई व्हायला जाऊ नये, आईबापांची रसद सांभाळावी, आणि सिरिंज अगदी नाइलाज झाल्याशिवाय उचलू नये, असे माझे मत आहे. त्यामागची कारणे पुढे मांडतो.

आधी पाखरू कोणते ते बघावे लागेल, कारण मुंबईत 'लव्हबर्ड' म्हणून पुष्कळदा बजरीगार विकले जाते. लांब शेपटीचे, डोक्यावर-पाठीवर आडव्या रेघा असलेले हे पाखरू मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्याची अंडी साधारण १८ दिवसांत फुटतात आणि पिल्ले पाचेक आठवड्यांत घरट्याबाहेर येतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. आखूड शेपटी, जाड चोच, गुबगुबीत अंग. त्याच्या ९ जाती आहेत, त्यांतली एक मादागास्कर बेटावरची. आपल्या बाजारात मुख्यतः दोन दिसतात: नामिबियाच्या कोरड्या मुलखातला, डोळ्याभोवती पांढरे कडे नसलेला पीचफेस, आणि टांझानियातला, तसे कडे असलेला फिशर. मादी एका वेळी ४ ते ६ अंडी घालते, कधी त्याहून जास्त. ती २३ दिवसांच्या आसपास फुटतात आणि पिल्लू सहा आठवड्यांचे झाले की उडून बाहेर येते. त्यानंतरही पंधरा-वीस दिवस त्याला बाप भरवत असतो. पुढचा विचार लव्हबर्डचा आहे, पण दिवसांचे आकडे बदलले तर बराचसा बजरीगारालाही लागू पडतो.

भरलेल्या घरट्याचा पेच एका साध्या हिशेबात आहे. मादी रोज अंडे घालत नाही, दिवसाआड घालते, पण उबवायला मात्र पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते. सहा अंडी असली तर पहिल्या आणि शेवटच्या अंड्यात दहा दिवसांचे अंतर पडते, आणि ती फुटतातही जवळपास त्याच क्रमाने. थोरल्याचे डोळे उघडू लागतात त्याच सुमारास धाकटे बाहेर येते: आंधळे, उघडेवाघडे, वजन तीन-चार ग्रॅम. थोरले तोवर त्याच्या कितीतरी पट जड झालेले असते आणि मान उंचावून मागण्यात पटाईतही. हे पिंजऱ्यामुळे घडते असे समजू नये. व्हेनेझुएलाच्या गवताळ मैदानांत चिमणीएवढा एक हिरवा पोपट राहतो. स्टीव्हन बायसिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची घरटी वर्षानुवर्षे अभ्यासली. तिथे एका घरट्यात सरासरी सात अंडी असतात, ती फुटायला कधीकधी चौदा दिवस लागतात, आणि शेवटी आलेली पिल्ले पुष्कळदा उपाशी मरतात. पिल्लांची अशी उतरंड का, याचे एक उत्तर ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४० च्या दशकात सुचवले होते. पुढे अन्न किती मिळेल याचा भरवसा नसताना अंडी जास्त घालून ठेवायची. सुगी झाली तर सगळी जगतील, नाही झाली तर थोरली तरी. सगळी सारख्या वयाची असती तर दुष्काळात सगळीच अर्धपोटी राहिली असती.

यावरून कोणी म्हणेल, की मग धाकटे मरते तर मरू द्यावे, निसर्गाचीच ती रीत आहे. हा आक्षेप वरवर समंजस वाटतो, पण तो लॅकचे म्हणणे अर्धवट वाचतो. धाकट्याचे मरण ठरते ते अन्नाच्या तुटवड्याने, आणि पिंजऱ्यात तुटवडा असेल तर तो ऋतूने आणलेला नसतो, आपल्या हातातल्या डब्याने आणलेला असतो. शिवाय आई धाकट्याला वाऱ्यावर सोडते हेही खरे नाही. बजरीगारांवर ज्यूडी स्टॅम्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या निरीक्षणांत असे दिसले, की बाप जो जास्त ओरडेल त्याला भरवतो, पण आई लहान पिल्लांकडे मुद्दाम लक्ष देते. म्हणजे धाकट्याला वाचवण्याची सोय घरट्यात आहे. ती चालण्यासाठी आईकडे थोरल्यांचे पोट भरून उरेल एवढे अन्न यायला हवे.

आणि ते येते कुठून? लव्हबर्डमध्ये अंड्यांवर फक्त मादी बसते. त्या काळात नर तिला स्वतःच्या पोटातून उलटवून अन्न देतो. पिल्ले निघाल्यावर पहिले काही दिवस हेच चालते: नराने खायचे, मादीला द्यायचे, तिने पिल्लांना. पिल्ले वाढल्यावर नर त्यांना थेट भरवू लागतो. सहा पिल्ले, एक मादी आणि स्वतः, अशा आठ पोटांची रसद एका पन्नास ग्रॅमच्या पाखरामार्फत जाते, तेव्हा त्याच्यासमोरची वाटी ही घरट्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. तिथेच सगळ्यात जास्त हयगय होते. लव्हबर्ड दाणा सोलून खातो आणि फोल वाटीतच टाकतो, त्यामुळे रिकामी वाटीही भरलेली दिसते. वरचा कोंडा फुंकून खाली दाणा आहे का हे दिवसातून तीन वेळा बघायला हवे. एकाच वाटीवर भागवू नये, दोन ठेवाव्यात. पाणीही दोन वेळा बदलावे, कारण पिल्लांना भरवणारी जोडी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते.

पण वाटी भरलेली असणे पुरेसे नाही, कारण प्रश्न काय भरले आहे हाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील रौडीबुश आणि ग्राऊ यांनी कॉकाटेल या पोपटांच्याच कुळातल्या पाखराच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले, की वाढीसाठी आहारात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. आपल्याकडचे पाखरांचे मिश्रण म्हणजे मुख्यतः राळे आणि बाजरी, त्यात ती ११-१२ टक्के. त्यातही लायसीन हे प्रथिनांतले महत्त्वाचे घटकद्रव्य तृणधान्यात कमी असते. मोठे पाखरू यावर तग धरते, वाढते पिल्लू धरत नाही. यावरचा उपाय मराठी स्वयंपाकघराला शिकवायला नको, तो वरण-भाताचाच आहे: तृणधान्यात जे कमी पडते ते कडधान्य पुरवते. मोड आलेले मूग आणि मटकी रोज सकाळी द्यावी, मोड नुकते डोकावले असतील तेवढीच. अंडे चालत असेल तर कडक उकडून, कवचासकट बारीक चुरून द्यावे. भुलेश्वर-गिरगावच्या शाकाहारी घरांत ते चालणार नाही, तिथे कडधान्याचे प्रमाण वाढवावे. मात्र मुंबईची हवा दमट. मोड आलेले धान्य किंवा अंडे तीन-चार तासांत आंबते आणि त्यावर वाढलेले जंतू सरळ पिल्लांच्या पोटात जातात. म्हणून थोडे द्यायचे, उरलेले काढून टाकायचे, दुपारी पुन्हा ताजे द्यायचे. पावसाळ्यात दाण्यांनाही बुरशी धरते. कुबट वास येणारे दाणे उन्हात तापवून 'चालवून' घेऊ नयेत, फेकावेत.

यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, हिशेब वेगळा. सहा अंड्यांची कवचे घालून मादी आधीच रिती झालेली असते, आणि तिच्याकडूनच पिल्लांची हाडे व्हायची असतात. माकुळाच्या पाठीतले पांढरे हाड, म्हणजे समुद्रफेस, काष्ठौषधीच्या दुकानातही मिळते. तो पिंजऱ्यात कायम टांगलेला असावा. शेवग्याचा पाला द्यावा, पाखरे तो आवडीने कुरतडतात. पण अंगात ड जीवनसत्त्व नसेल तर हे कॅल्शियम वाया जाते. चाळीच्या आतल्या अंगाला, काचेच्या बंद खिडकीआड किंवा दुसऱ्या टॉवरच्या सावलीत टांगलेल्या पिंजऱ्याला ते देणारे ऊन मिळत नाही. काचेतून आलेले ऊन उजेड देते, जीवनसत्त्व घडवणारे किरण काचेतच अडतात. सकाळच्या उन्हाचा अर्धा तास, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून, हा औषधाच्या थेंबांपेक्षा स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे. कॅल्शियम कमी पडले की अंडे मादीच्या पोटात अडकते, आणि पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात.

पाय फाकण्याचे दुसरे कारण मडके. मातीचे मडके स्वस्त, उन्हाळ्यात गार, म्हणून आपल्याकडे तेच लटकवतात. दोन-तीन पिल्लांना ते पुरते. सहा पिल्ले मात्र गोल, गुळगुळीत तळाकडे घसरून एकमेकांवर रचली जातात आणि धाकटे सगळ्यांत खाली चेंगरते. आठ-दहा इंच लांबी-रुंदीची लाकडी पेटी, तळाशी लाकडाच्या किसाचा दोन बोटे जाड थर, हे जास्त योग्य. मात्र ही अदलाबदल अंडी येण्याआधी करावी. पिल्ले असताना घरटे बदलले तर जोडी ते सोडूनही देते. पेटीत नारळाचा काथ्या किंवा सुतळी घालू नये, पायांना फास बसतो. घरटे सजवायचे काम मादीवर सोडावे. नारळाच्या झावळीच्या पट्ट्या दिल्या की पीचफेसची मादी त्या चोचीने कातरून शेपटीजवळच्या पिसांत खोचते आणि घरट्यात नेते. फिशरची मादी चोचीत धरून नेते. कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर केला तेव्हा झालेली संकरित पाखरे पट्ट्या पिसांत खोचायचा खटाटोप करत राहिली, पण त्या काही खोचून टिकेनात. चोचीने न्यायला पुरते शिकायला त्यांना फार काळ लागला. घरटे कसे करावे याची जाण किती खोलवर रुजलेली असते हे त्यातून कळते. आपण आत कापूस घालून तिला मदत करायला जातो, तेव्हा हे आठवलेले बरे.

पाळणाऱ्याने घरट्यात बघायचेच नाही का? बघायचे, दिवसातून दोनदा, मादी स्वतः बाहेर आलेली असताना. बघायचे ते प्रत्येकाच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी, पाळणारे जिला क्रॉप म्हणतात. कोवळ्या कातडीतून ती फुग्यासारखी दिसते. संध्याकाळची पाहणी महत्त्वाची, कारण रात्रीचा मोठा काळ त्या साठ्यावर काढायचा असतो. धाकट्याची पिशवी दोन संध्याकाळी लागोपाठ सपाट दिसली तर काहीतरी करणे भाग आहे. आणि इथेही पहिला उपाय सिरिंज नाही. घरात दुसरी जोडी असेल आणि तिची पिल्ले साधारण त्याच आकाराची असतील, तर धाकट्याला तिकडे सरकवावे. पुष्कळ जोड्या अशा पिल्लाला सहज सामावून घेतात. पहिले दोन दिवस नीट लक्ष ठेवायचे इतकेच. परक्याच्या घरी वाढल्याने पिल्लाचे काही बिघडते का, यावर व्हेनेझुएलाच्या त्या पोपटांचाच एक सुंदर पुरावा आहे. या पोपटांत प्रत्येकाची स्वतःची एक हाक असते, नावासारखी. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्या-घरट्यांत अंड्यांची अदलाबदल केली, आणि २०११ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत दाखवले की पिल्लांची हाक वाढवणाऱ्या आईबापांच्या हाकांशी जुळते. म्हणजे दत्तक गेलेले पिल्लू घर बदलते, पण पाखरांच्या जगातून उठत नाही. सिरिंजवर वाढलेल्या एकट्या पिल्लाला ते जगच लवकर सुटते.

दुसरी जोडी नसेल तर धाकट्याला घरट्यातच ठेवून दिवसातून दोन-तीनदा थोडे वरखाद्य (ते कोणते आणि कसे, हे पुढे येईल) द्यावे आणि लगेच परत ठेवावे. ऊब, भावंडे आणि बाकीचे भरवणे आईकडेच राहते, आपण तूट तेवढी भरतो. असे चार-पाच दिवस निभावले तर बहुधा ते रांगेत येते. एक खबरदारी मात्र अशी, की यासाठी दूध वापरायचे नाही. कबुतर पिल्लांना दूध पाजते हे खरे आहे. दादरच्या कबुतरखान्यावर ज्यांच्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या त्या कबुतरांच्या क्रॉपच्या अस्तरातून दह्याच्या कवडीसारखा पदार्थ सुटतो आणि नर-मादी दोघेही तो पिल्लांना देतात. पण कबुतराची पिल्ले दोनच, आणि त्या पदार्थाचे गाई-म्हशीच्या दुधाशी काही नाते नाही. पोपटांच्या कुळात तोही नसतो, तिथे नुसते भिजलेले, अर्धवट मुरलेले दाणे असतात. दुधातली साखर पाखरांना पचत नाही. दूध-बिस्किट किंवा तान्ह्या बाळांचे दुधाळ डबाबंद खाद्य खाऊन पिल्लाला जुलाब होतात, आणि पुढे त्याचे खापरही आईवरच फुटते.

आता सगळ्यांत जोरदार आक्षेप. हातावर वाढवलेले पिल्लू माणसाळते, खांद्यावर बसते, चावत नाही, आणि माणसाळलेल्या पाखराला घरही चांगले मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डेव्हिस येथेच मायर्स, मिलाम आणि इतरांनी १९८८ साली हातावर वाढलेल्या आणि आईबापांनी वाढवलेल्या कॉकाटेलांची तुलना केली. पुढे प्रजननाची वेळ आली तेव्हा हातावर वाढलेले नर घरट्याकडे फारसे फिरकले नाहीत आणि फलित अंडीही कमी मिळाली. हातावर वाढलेल्या माद्या अंडी घालत होत्या, पण पुष्कळदा पिंजऱ्याच्या तळावरच. म्हणजे माणसाळण्याची किंमत पाखरू मोठेपणी मोजते. ती मोजायलाच हवी असेही नाही. एंगस आणि मिलाम यांनी १९९९ साली ॲमेझॉन पोपटांवर दाखवून दिले, की पिल्ले आईबापांकडेच ठेवून रोज थोडा वेळ नुसती हाताळली तरी ती माणसाळतात. लव्हबर्डच्या बाबतीत डोळे उघडल्यावर, दोन-अडीच आठवड्यांनंतर, रोज दहा-पंधरा मिनिटे पिल्ले ओंजळीत घ्यावीत आणि परत ठेवावीत. आई बिथरली तर थांबावे. तेव्हा सिरिंजचा आग्रह उरतो तो मुख्यतः विकणाऱ्याच्या सोयीसाठी: पिल्ले लवकर काढली की जोडी लवकर पुन्हा अंड्यांवर बसते. 'हँडफीड' या शब्दामागचे हे गणित गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

तरीही हातावर वाढवण्याची वेळ येते. मादी मरते. दुसऱ्या अंड्यांची घाई झालेली मादी आधीच्या पिल्लांची पिसे उपटू लागते. कधी जोडीच भरवणे सोडते. अशा वेळी तत्त्व सांगत बसणे क्रूरपणा होईल, पण आपण काय पत्करतो आहोत हे नीट माहीत असावे. दोन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःची ऊब नसते. नुकत्या निघालेल्याला ३६ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागते, पिसे फुटू लागल्यावर ३० च्या जवळ. थंडी वाजली की पिल्ले एकावर एक चढतात, उकडले की लांब होऊन धापा टाकतात. त्यांची ही भाषा तापमापकाइतकीच भरवशाची. खाद्य पिल्लांसाठीच तयार केलेले घ्यावे, पहिले काही दिवस पाण्यासारखे पातळ, मग हळूहळू दाट. ते ३९-४० अंशांवर द्यायचे. त्याहून बरेच गरम असेल तर क्रॉप आतून भाजते, आणि ते कळते काही दिवसांनी, कातडी काळी पडल्यावर. गार असेल तर क्रॉप थांबते आणि आत अन्न आंबते. एका वेळी पिल्लाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढेच भरवावे. अगदी लहानाला दर दोन तासांनी, तीन आठवड्यांच्या पिल्लाला चार-पाच तासांनी. घाईत अन्न श्वासनलिकेत गेले तर पिल्लू तिथल्या तिथे दगावते. सहा पिल्ले दोन-दोन तासांनी, प्रत्येकी पाच मिनिटे म्हटली तरी दर वेळी अर्धा तास जातो. सकाळी आठ-पन्नासची लोकल पकडणाऱ्याला हे शक्य नाही, आणि अर्धवट जमणे म्हणजे न जमणेच. पिशवी रिकामी होत नसेल, चोच पांढरट दिसत असेल किंवा पाय फाकत असतील तर पशुवैद्याकडे न्यावे. फाकलेले पाय पहिल्या दोन आठवड्यांत मऊ पट्टीने सांधून बांधले तर सरळ होतात, नंतर फारसे नाही. या बाबतीत मध्य मुंबई नशीबवान. १८७४ साली स्थापन झालेल्या प्राणिक्रूरता निवारण संस्थेचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही परळलाच आहेत.

रसदीइतकाच प्रश्न शांततेचा, आणि तो या भागापुरता फार खरा आहे. पहिल्या अंड्यापासून धाकटे पिल्लू घरट्याबाहेर यायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि ते स्वतः खाऊ लागायला आणखी दोन आठवडे. ऑगस्टच्या मध्याला जोडी बसली तर लालबाग-परळचे ढोल-ताशे, विसर्जनाच्या मिरवणुका आणि पुष्कळ वर्षी दिवाळीचे फटाकेही अंडी किंवा पिल्ले घरट्यात असतानाच येतात. दचकलेली मादी झटक्याने उठते तेव्हा पायाखालची पिल्ले तुडवते, एखादे पेटीच्या तोंडाशी फेकले जाते. गणपती पुढे ढकलता येत नाहीत, घरटे पुढे ढकलता येते: दिवाळी उलटल्यावर पेटी लावावी, म्हणजे पिल्ले थंडीच्या दिवसांत मोठी होतात आणि एप्रिल-मेच्या काहिलीतून सुटतात. धूर हा दुसरा शत्रू. नायगाव किंवा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत स्वयंपाक, देव आणि पिंजरा एकाच हवेत असतात. पाखराची फुप्फुसे आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या माणसापेक्षा फार वेगाने हवा शोषतात, म्हणून धूप-कापराचा धूर त्यांना लवकर बाधतो, आणि जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ काही मिनिटांत अख्खे घरटे संपवू शकते. पिल्ले असेपर्यंत लोखंडी तवा वापरलेला बरा, तशी भाकरीही त्यावरच चांगली होते. उलट्या दिशेचाही धोका आहे. या पाखरांच्या वाळलेल्या विष्ठेतून माणसाला फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, तेव्हा पिंजरा कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा.

शेवटचा आक्षेप सगळ्या मांडणीच्या मुळावर येतो. पिंजराच मुळात अन्याय असेल तर त्यातल्या पिल्लांची निगा उत्तम झाली काय, न झाली काय? मला या आक्षेपात तथ्य वाटते, पण त्यातून पिंजऱ्याचे दार उघडून द्यावे हा निष्कर्ष निघत नाही. आफ्रिकेच्या पाखराला राणीबागेच्या झाडांवर सोडणे म्हणजे त्याला कावळ्यांच्या हवाली करणे. निघतो तो निष्कर्ष पिल्लांच्या संख्येबद्दल. एका जोडीने वर्षात दोनदा पाच-पाच पिल्ले काढली तर दहा होतात, आणि लव्हबर्ड दहा-पंधरा वर्षे जगतो. ही दहा घरे शोधायची कुठे? कायद्यानेही आता त्यात लक्ष घातले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली. पीचफेस आणि बजरीगार त्या परिशिष्टांत नाहीत, पण फिशर आणि मास्क या लव्हबर्डच्या जाती त्यांत आहेत. म्हणजे फिशरच्या जोडीचीच नव्हे, तिच्या पिल्लांचे जन्म, मृत्यू आणि कोणाला दिली याचीही नोंद सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते.

म्हणून वर्षाला एक, फार तर दोन वेळा पिल्ले काढू द्यावीत आणि एरवी पेटी किंवा मडके उतरवून ठेवावे. पुष्कळ घरांत ते 'झोपायला' म्हणून बारमाही टांगलेले असते, आणि मादी त्याचा अर्थ एकच घेते. पेटी काढली, मोडांचे खाणे कमी केले, संध्याकाळी पिंजरा लवकर झाकून उजेडाचे तास घटवले, की बहुतेक जोड्या थंडावतात. तरीही मादीने तळावर अंडी घातली तर ती उचलून फेकू नयेत. अंडी नाहीशी झाली की ती भरपाईला आणखी घालते आणि अंगातले उरलेसुरले कॅल्शियम घालवते. घातल्याच्या दिवशीच ती उकडून, पूर्ण गार करून परत ठेवावीत. जीवदयेच्या दृष्टीने ज्यांना हेही खटकते त्यांनी पेटी आणि उजेड या दोनच गोष्टी आधीपासून सांभाळाव्यात. उकडलेल्या अंड्यांवर मादी तीन-साडेतीन आठवडे बसते, आणि काही निघत नाही हे कळल्यावर आपणच उठते.